हर्षूची रेघ

चौक, ता. खालापूर
२९ जून २०२५

प्रिय आत्या,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी मुद्दाम पत्र लिहिते आहे.

लग्न होऊन दुसरा महिना लागला. आपण रोज फोनवर बोलतो, पण काय बोलतो ते आठवून बघ. तू विचारतेस, साखर एवढी कशी गं चढली? मी सांगते, भात खाल्ला. तू विचारतेस, मशीनला सांगितलं होतंस ना? मी सांगते, सांगितलं होतं. मग तुझी कामं असतात, माझी कामं असतात. बाबांचा भाताचा राब कसा उगवला, तुझा गुडघा काय म्हणतो, ते तसंच राहून जातं. म्हणून म्हटलं, आता फोन नको, पत्रं लिहू. पत्र पोचेपर्यंत साखर कुठल्या कुठे गेलेली असते, त्यामुळे तिच्याबद्दल विचारण्यात अर्थच उरणार नाही.

इथून माथेरान पाठमोरं दिसतं. आपल्या कळंबच्या ओट्यावरून ज्या डोंगराचं तोंड बघत मी मोठी झाले, त्याची इथे पाठ आहे. पहिले काही दिवस ओळखूच आला नाही. आता सकाळी मागच्या दारी चूळ भरताना वाटतं, त्याच्यापलीकडे तू उभी आहेस आणि तूही चूळ भरते आहेस.

सासूबाईंना मी मशीन समजावून सांगितलं. दंडाला चिकटवलेला सेन्सर साखर मोजत राहतो, कमरेचा पंप त्याचं ऐकून लागेल तेवढं इन्सुलिन आपणच सोडतो, साखर उतरायला लागली की आपणच थांबतो. फक्त जेवण त्याला कळत नाही. ते मी आधी सांगावं लागतं, म्हणजे तो जेवणाचं इन्सुलिन वेळेत देतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुझा आजार गेला म्हणायचा. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. एवढं हुशार मशीन पोटाला बांधलंय आणि आजार कसा राहील, असं त्यांचं म्हणणं. देवेश हसत होता.

आता खरं लिहिते. तुझ्या मोबाईलवर माझ्या साखरेची रेघ दिसते, ती बंद करशील का? रागावू नकोस. शाळेत असताना, कॉलेजात असताना तू बघत होतीस म्हणून मी निर्धास्त होते. पण इथे मी नर्सरीतल्या कामावरून येते, देवेशबरोबर तळ्यावर फिरायला जाते, आणि सारखं वाटतं, तू ओट्यावर बसून बघते आहेस. हे घर माझं व्हायचं असेल, तर इथे मला कुणी बघत नसताना राहता आलं पाहिजे.

बाबांना नमस्कार.

तुझी
हर्षू


कळंब, ता. कर्जत
८ जुलै २०२५

हर्षू,

तुझं पत्र पोस्टमनने ओट्यावर टाकलं तेव्हा कोंडाजी पहिल्यांदा म्हणाला, 'पोरीने घटस्फोट तर नाय ना पाठवला?' तुझा बाप कधी सुधारायचा नाही. मग मी वाचून दाखवलं. रेघ बंद करायचं आलं तसा तो उठून गोठ्यात गेला. त्याचं असंच आहे. मशीन आणलं तेव्हा 'जावयाआधी हा घरजावई आला' म्हणून गावभर सांगत होता, आणि त्याला कमरेला लावून तू पहिल्यांदा एकटी नेरळला गेलीस तेव्हा स्टेशनवर जाऊन बसला होता.

पत्रं लिहू. मला आवडलं. अंगणवाडीची नोकरी सुटल्यापासून हातात पेन धरलं नव्हतं.

पण रेघेचं मला जमणार नाही. तुला वाटतं मी पहारा करते. तसं नाही गं. दुपारी लावणीची माणसं जेवून गेली की मी ओट्यावर बसते. समोर डोंगर, हातात मोबाईल. दोन्हींकडे बघता बघता मला कधी कधी कळेनासं होतं की कुठला डोंगर आणि कुठली रेघ. रेघ हळू चढली की वाटतं तू कुठलासा माळ चढते आहेस, डोक्यावर टोपली आहे. उतरली की वाटतं ओढ्याकडे चालली आहेस. बराच वेळ सरळ राहिली की तू एखाद्या झाडाखाली बसलीस, असं मी धरते. मग मीही तिथे टेकते. माझं काम सगळं असं पडून राहतं आणि तुझा बाप चहाला ओरडतो.

मला सगळं कळतं त्यात. शनिवारी दुपारी रेघ एकदम टेकडीसारखी वर गेली आणि वरच राहिली. मी म्हटलं, पोरीला कुणीतरी टोचून बोललं. तू रागावलीस, रडलीस की अशीच चढते तुझी, लहानपणापासून. कुणी बोललं का? खरं सांग. आणि त्याच्या आदल्या रविवारी दिवसभर कशी तळ्यासारखी शांत होती. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी अळूवड्या केल्या.

माझी एकच अट आहे. त्या घरात तुझ्या साखरेचं कळणारं एक तरी माणूस असू दे. देवेशची शिफ्टची ड्युटी. तुझ्या सासूबाईंना वाटतं आजार गेला. मग मी डोळे मिटून घ्यायचे ते कुणाच्या भरवशावर? असं माणूस मिळालं की मला कळव. मी त्याच दिवशी बंद करीन.

तुझी
आत्या


चौक
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझ्या त्या शनिवारचं सांगते. कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी झाडावरचा शेवटचा फणस फोडला. आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. त्या हाताला तेल लावून गरे काढत होत्या आणि एक स्वतःला, एक मला, असं चाललं होतं. त्यांच्या लग्नाच्या वेळी नवरदेवाची बैलगाडी चिखलात कशी रुतली ते सांगत होत्या. मी मशीनला सांगायचंच विसरले. आणि सांगणार तरी काय, गरे कुणी मोजून खातं का? सासरे गेल्यापासून त्या एवढं हसल्या नव्हत्या, असं देवेश नंतर म्हणाला. इथे आल्यापासूनचा माझा सगळ्यात सुखाचा दिवस तो.

आणि तळ्यासारखा शांत रविवार. त्या दिवशी मी गोठ्यामागे बसून पोटभर रडले. कारण काही मोठं नव्हतं. कालवणात मीठ जास्त पडलं आणि कुणी काही बोललं नाही, सगळे गुपचूप खात राहिले. पाहुणीला जसं बोलत नाहीत तसं. कळंबला असते तर तू म्हणाली असतीस, मिठागर आणलंस का घरात? तसं इथे कुणी म्हणालं नाही म्हणून रडू आलं. पण मशीन आपलं काम करत होतं. रेघ सरळच राहिली.

तू अळूवड्या केल्यास हे वाचून हसू आलं, आणि मग नाही आलं.

इथे एक अडचण आहे. सासूबाई जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू देत नाहीत. मी एकदा विचारलं, आई, माझ्या किती झाल्या? त्यांचा चेहराच उतरला. जेवणाऱ्याचा घास मोजला की तो अंगी लागत नाही, असं त्या मानतात. मी मशीनला सांगण्यापुरतं हवं म्हटलं, तर म्हणाल्या, ते बघेल त्याचं ते. पण दुसऱ्या दिवसापासून बघते तर माझ्या भाकऱ्या जेवणाआधीच वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. मी फडकं उघडते, बघते, मशीनला सांगते.

तुझ्या अटीचं माणूस अजून मिळालेलं नाही. पण आत्या, तुला रेघेत सगळं कळतं, हे मात्र तू आता म्हणू नकोस.

गणपतीला दोन दिवस येते आहे.

हर्षू


कळंब
१० सप्टेंबर २०२५

हर्षू,

तू गेल्यावर घर दोन दिवस तुझ्या आवाजाने भरलेलं होतं. मग ओसरलं.

एक गोष्ट मनातून जात नाही. तू समोर पाटावर बसून मोदक खात होतीस आणि मी मोबाईलमध्ये बघत होते. तू म्हणालीस, 'आत्या, मी इथे आहे.' मी मान वर केली. तू खरंच तिथे होतीस. पण तू गेल्यावर आठवायला बसले, तर त्या दिवशी तुझ्या अंगावर साडी कुठली होती, ते मला सांगता येईना. कोंडाजीला विचारलं. तो म्हणाला, चिंतामणी रंगाची. त्याने बघितलं होतं.

शेतं आता पोटरीत आलीत, लोंब्या बाहेर पडायच्यात. सकाळी धुकं असतं तेव्हा बांधावर उभं राहिलं की पाय जमिनीवर आहेत असं वाटत नाही.

पितरपाठ लागला. तुझ्या सासऱ्यांचं पहिलंच आहे, घरात पै-पाहुणे असतील, जेवणाला उशीर होईल. तू घाईने आधीच मशीनला सांगू नकोस. आपल्याकडे करतेस तसंच कर. पानं वाढून झाली, की मगच सांग. एवढं ऐक. पुढे या पत्रात साखरेचं काही लिहीत नाही.

तुझी
आत्या


चौक
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

सर्वपित्री पार पडली. तुझं ऐकलं होतं. पानं वाढून झाली, मग मी मशीनला सांगितलं. खीर, वडे, भात, सगळं धरून सांगितलं.

पण आपल्याकडे बाबा घराच्या कौलावर पान ठेवतात, हात जोडतात आणि म्हणतात, या सावकाश. आणि आपण लगेच जेवायला बसतो. इथे तसं नाही. इथे कावळा शिवल्याशिवाय घरातलं कुणी घास तोंडात घालत नाही. मला हे माहीतच नव्हतं, आणि मला सांगावं हे कुणाला सुचलंही नसेल. ज्याला त्याला आपल्या घरचंच सगळीकडे चालतं असं वाटतं.

गोठ्याच्या पत्र्यावर पान ठेवलं होतं. सगळे अंगणात उभे. कमलेशकाका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, कावळ्याला हाका मारत होते. आकाश भरून आलेलं, वारा नव्हता, झाडं चित्रासारखी. एकही कावळा नाही. कुणी म्हणालं, त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल. मग एकेक जण पुढे होऊन सांगायला लागलं. देवेशने सांगितलं, बाबा, आईला सांभाळीन. काकांनी सांगितलं, बांधाचा वाद मिटवतो. तरी कावळा येईना.

मला थोडं गरगरलं. साखर उतरली होती. मशीनने पुढचं इन्सुलिन थांबवलं, पण एकदा दिलेलं त्याला परत घेता येत नाही. ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या मुठीत होत्या. पण म्हातारीकोतारी माणसं सकाळपासून उपाशी उभी होती, त्यांच्यासमोर तोंड हलवणं मला जमलं नाही. मग सासूबाईंनी मला आधी खायला घातलं आणि बरं वाटलं. एवढंच. मोबाईल आत खोलीत होता म्हणून तुला कदाचित मधलं दिसलं नसेल.

तू बघत होतीस का?

हर्षू


कळंब
२७ सप्टेंबर २०२५

हर्षू,

मी कुठली बघते. आमच्याकडेही पितर होते, दिवसभर चुलीपुढे होते. मोबाईल कोंडाजीकडे होता. नंतर पाहिलं तेव्हा रेघ ठीक होती.

बरं झालं सासूबाईंनी आधी वाढलं. यापुढे गोळ्या मुठीत ठेवत जाऊ नकोस, तोंडात ठेवत जा.

भात भरलाय. पाखरं फार.

आत्या


चौक
५ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई हिरूताईंस बायजाचा रामराम.

मला लिहायची सवय नाय. हर्षलाला विचारून पत्ता घेतला, पण काय लिहिते ते तिला दाखवलं नाय.

सर्वपित्रीला तुमी आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलात. मी बघितलं. जेवणं चालली होती, मी ताटातला भात वाढायला वाकले आणि रस्त्याकडं नजर गेली. चिंचेखाली टेंपो उभा होता. त्यात कोंडाजीभाऊ आणि तुमी. तुमी टेंपोतून उतरल्या होतात, कुंपणाला हात लावून उभ्या होतात, आणि हर्षलाकडं बघत होतात. ती तेव्हा माझ्या नणंदेशी कायतरी बोलून हसत होती. मला वाटलं तुमी आत येताय, म्हणून मी पदर सारखा करून उठले, तर टेंपो वळला. पितरांच्या दिवशी न बोलावता कसं जायचं, असं तुमाला वाटलं असेल. हर्षलाला मी हे बोलले नाय.

तिने तुमाला काय कळवलं ते मला ठाऊक नाय. पोर तशी सांगत नाय. म्हणून मी सांगते.

ती अंगणात माझ्या शेजारी उभी होती. कमरेचं मशीन वाजलं. मला वाटलं कुणाचा मोबाईल. परत वाजलं. मी तिच्याकडं बघितलं तर तिचं तोंड भिजवलेल्या पोह्यासारखं झालं होतं आणि ओठावर घाम. मी म्हटलं, हर्षला, काय होतंय गं? ती माझ्याकडं बघून हसली. पण ती मला ओळखत नव्हती, हिरूताई. सासूकडं सून बघते तशी बघत नव्हती. लांबच्या कुणाकडं तरी बघावं तशी बघत होती. मी तिचा हात धरला तर मूठ गच्च, आत गोळ्या. त्या काय आहेत, कितीक द्यायच्या, मला काय माहीत? आणि मूठ सुटेना.

घर लांब नव्हतं. पण तिला सोडून आत जायची मला भीती वाटली. समोर पत्र्यावर ह्यांचं पान होतं, हाताच्या अंतरावर. मी ते खाली ओढलं. कमलेशभावजी ओरडले, 'वयनी, पान काढू नका, अजून शिवलं नाय.' सगळे बघायला लागले. मी म्हटलं, 'त्यांना थांबता येतं, भावजी. हिला नाय.'

आणि तिथेच मातीत बसवून तिला खीर चाटवली. बोटाने. पहिल्यांदा जरा थोडी, मग जास्त. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडल्यासारखं केलं आणि म्हणाली, आई, हे बाबांचं पान हाय. तेव्हा माझा जीव खाली आला.

नंतर भावजींनी दुसरं पान ठेवलं. कावळा आला की नाय म्हणून मला लोक आजही विचारतात. मी वर बघितलंच नाय.

त्या दिवशी मला कळलं की तिचा आजार गेलेला नाय. मशीन हुशार असेल, पण आमच्या घरची रीत त्याला कोण सांगणार? मी आता देवेशकडून सगळं शिकून घेतलं. गोळी कधी द्यायची, कधी साखरेचं पाणी द्यायचं, कधी तोंडात कायच घालायचं नाय आणि गाडी बोलवायची. साखर पदराला बांधलेली असते. देवेश म्हणत होता, ती रेघ तुझ्या मोबाईलवर घालून देऊ का? मी नको म्हटलं. मला त्या रेघेतलं काय कळत नाय. मी तिच्या तोंडाकडं बघते.

तुमी आता आलात तर कुंपणापाशी थांबू नका.

बायजा


कळंब
१४ ऑक्टोबर २०२५

हर्षू,

तुझ्या सासूबाईंनी मला पत्र लिहिलं. ते तुला दाखवायचं की नाही ते त्या ठरवतील. मी त्यांना वेगळं लिहिलं आहे. कुणाचे आभार कसे मानायचे ते मला नीट येत नाही, म्हणून सोबत घरचे पोहे पाठवते आहे. दशरथचा टेंपो खोपोलीला जातो आहे, तो देईल.

सर्वपित्रीला मी बघत होते. रेघ उतरायला लागली तेव्हा मी पुरणासारखी शिजत बसले होते, फोन करायचा नाही असं ठरलं होतं म्हणून. मग केला. तू उचलला नाहीस. मग रेघच गेली. पडदा पांढरा. मोबाईल आत आणि तू बाहेर, एवढीच गोष्ट होती, पण ती मला कुठली कळायला. तुझ्या बापाने कौलावरचं पान तसंच ठेवलं आणि दशरथला गाठलं. कर्जतच्या पुढे रेघ परत आली, चढती. कोंडाजी म्हणाला, आता मागे फिरू. मी म्हटलं, नको, मला रेघ नाही बघायची. म्हणून तुझ्या दारापर्यंत आलो. तू हसत होतीस. अंगावर पिवळी साडी होती, काठाला हिरवं. पानात वडा होता, अर्धा खाल्लेला. हे सगळं मी सांगू शकते. परत येताना तुझा बाप वाटेत चहाला उतरला तेव्हा टपरीवाल्याला उगाचच सांगत होता की आमची पोरगी चौकला दिली आहे, फार चांगलं घर आहे.

माझ्या अटीतलं माणूस मिळालं. तुला कळवायची गरज पडली नाही.

काल ते ॲप काढून टाकलं. मला येईना, दशरथच्या आरोहीने काढून दिलं. तिने विचारलं, नक्की ना, आजी? मी हो म्हटलं आणि तोंड फिरवलं, दात काढताना फिरवतो तसं. काही दुखलं नाही. नंतर दुखलं.

आज सकाळी सवयीने ओट्यावर बसले. भात पिवळा पडलाय, कापणी आठवड्यावर आली. धुकं खाली खाचरात होतं आणि डोंगर वर नुसता तरंगत होता, त्याला पायच नव्हते. हातात मोबाईल होता, त्यात काही नव्हतं. डोंगरापलीकडे तू होतीस आणि काय करत होतीस ते मला माहीत नव्हतं. भीती वाटली. ती बसू दिली शेजारी. मग तू हळूहळू दिसायला लागलीस. चढ नाही, उतार नाही, तू. पडवीत उभी होतीस, ओले केस पुढे घेऊन झटकत होतीस, आणि आतून कुणीतरी तुला हाक मारत होतं. आवाज माझा नव्हता. तू 'आले' म्हणालीस आणि आत गेलीस. मी ओट्यावर बसून राहिले. दार उघडंच होतं.

हे खरं होतं की माझ्या मनाचं, ते आता कुठली रेघ सांगणार नाही. तूच सांगशील तर कळेल.

लोक पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. एवढी पत्रं झाली, मी एकदाही विचारली नाही. विचारायची वेळच कधी आली नव्हती. आज पहिल्यांदा विचारते आहे, आणि उत्तर काय येईल ते मला खरंच माहीत नाही.

हर्षू, कशी आहेस गं?

तुझी
आत्या